तोडा घट्ट झाला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा तोडा आहे आणि मला फार राग आलेला आहे. माझ्या अंगावर करवतीच्या तीन खुणा आहेत. त्या कुणाच्या चुकीने झाल्या, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म जाफराबादच्या सराफ्यात झाला. गिरिधर सोनाराच्या वडिलांनी मला आणि माझ्या जोडीदाराला घडवले. लग्नात आम्ही गोपिकाबाईच्या पायात आलो. त्या घरची रीत अशी, की एकदा घातलेला तोडा बाईने उतरवायचा नाही. गोपिकाबाई मेंढरांमागे दिवसाला चार-पाच कोस चालायची. बाया आमच्याकडे बघत राहायच्या. संध्याकाळी ती चुलीशी बसून ओल्या काटक्या फुंकायची, खोकायची आणि धुराला शिव्या द्यायची. पन्नास वर्षे हेच चालले.

मग दोन वर्षांपूर्वी मी घट्ट झालो, असे सगळे म्हणू लागले. मी कसला घट्ट होतोय? चांदी कधी आटते का? पाय सुजत होता. सकाळी कमी, दिवस मावळता जास्त. बोटाने दाबले की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हंडा आणताना गोपिकाबाई मध्येच खाली बसायची, तेव्हा तिचे ओठ निळसर दिसायचे.

तिचा मुलगा राधाकिसन वाईट माणूस नाही. पण प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एकच उत्तर होते.

"वय झालं माय तुझं. सत्तरीत दम लागणारच की."

"पाय लई जड पडून राह्यले रे."

"तोडे घट्ट झाले आसतील. गिरिधरशेठकडून सैल करून आणू."

आणि त्याने आईला खरेच दवाखान्याऐवजी सोनाराकडे नेले. गिरिधरने मला कापले, मध्ये चांदीचा तुकडा सांधला. सात महिन्यांनी पुन्हा तेच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. दोघांनी मिळून पायाचे माप घेतले, पण पाय वाढतोय कशाने, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. "आता बराबर झालं," असे राधाकिसन दर वेळी म्हणायचा. तेव्हा त्याच्या नडगीवर जाऊन आदळावे, असे मला वाटायचे.

तिसऱ्या खेपेला मी मांसात रुतलो होतो. गिरिधरने आम्हा दोघांना कापून काढले आणि तसेच राधाकिसनच्या हातात दिले.

"माझ्या दुकानात ह्याचं औषध न्हाई," तो म्हणाला. "मायला जालन्याला घेऊन जा, जल्दी."

जालन्यात जे झाले, ते मी राधाकिसनच्या खिशातून ऐकले. डॉक्टर सुरुचीताईंनी गोपिकाबाईच्या हृदयाची सोनोग्राफी केली. मग तिला व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला सांगितले. जन्मभर चाललेली ती बाई तिसऱ्याच मिनिटाला भिंत धरून उभी राहिली.

"फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय," डॉक्टर म्हणाल्या. "धुरानं फुप्फुसं आधीच खराब झालीत. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली, ताणून मोठी झाली. म्हणून पायात पाणी साठतंय."

"वयानंच ना, मॅडम?"

"वयानं फुप्फुसं सैल पडतात, हृदय आणि रक्तवाहिन्या ताठर होतात. त्यामुळे म्हातारं हृदय असा दाब फार दिवस सोसू शकत नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला लवकर आणायचं असतं. तुम्ही उलट केलंत."

"दोन वर्सं आधी आणलं आस्तं तर?"

"तर हृदय इतकं ताणलं नसतं."

खिशात राधाकिसनची मूठ माझ्यावर आवळली. मला त्याची दया आली नाही.

आता घरात गॅस आला आहे, जेवणात मीठ कमी झाले आहे. गोळ्या चालू आहेत आणि उशाशी ऑक्सिजनचे यंत्र असते. सूज उतरली, पण हृदय पूर्वीसारखे झाले नाही. गोपिकाबाई अंगणापर्यंत चालते, त्यापुढे नाही. मी जोडीदारासोबत दाराजवळच्या खुंटीला लटकतो आहे.

गेल्या आठवड्यात शेजारची द्वारकाबाई दळण घेऊन जाताना आमच्या ओट्यावर बसली. तिला बोलता येत नव्हते, इतकी धाप लागली होती.

"वय झालं, दुसरं काय," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"वय मलाबी झाल्तं," गोपिकाबाई म्हणाली. मग तिने घरात हाक मारली, "राधाकिसन, दळण तू ने आन् हिच्या लेकाला बोलाव. हिला आजच दवाखान्यात न्यायचंय."

मित्रांनो, तुमची आजी चालताना सारखी थांबू लागली, तर घरात सांगा. मोठी माणसे "वय झालं" म्हणाली, तर त्यांच्याशी भांडा. रुसा, जेवू नका, हवे ते करा, पण तिला दवाखान्यात न्यायला लावा. म्हाताऱ्या माणसाकडे वाया घालवायला दोन वर्षे नसतात.