कामठ्याचा पंखा

कुडव्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा अश्विन कामठ्याला मुलगी पाहायला निघाला, तेव्हा घनश्याममामाने त्याला रस्ताभर एकच गोष्ट बजावली होती. घर शेतकऱ्याचं आहे, शेतीची आवड दाखव.

त्यामुळे पोह्यांची बशी हातात येताच अश्विन म्हणाला, "दुकान आपलं पोटापुरतं जी. जीव माझा शेतीतच."

मुलीचे वडील दुधराम खूश झाले. मळलेलं धान अंगणात पडून होतं आणि ते साफ करायला सांगितलेला मजूर आलाच नव्हता. त्यांनी पाहुण्याला सरळ पंख्यापाशी नेलं. लोखंडी पंखा, बाजूला दांडा. दांडा जोरात फिरवायचा, म्हणजे समोर सुपातून सोडलेल्या धानातलं फोलपट उडून जातं. सूप घेऊन नीतू, म्हणजे नवरी मुलगीच, स्टुलावर चढली.

पहिली काही सुपं अश्विनने हसत हसत उडवली. मग खांदा भरून आला. त्याने हात बदलला, नंतर दोन्ही हात लावले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला, डोळ्यांत भुसा गेला.

"थकले का जी?" नीतूने विचारलं.

"नाही नाही. मजा येऊन राहिली."

"लहानपणापासून असाच आहे," ओट्यावर दुसऱ्यांदा पोहे घेत मामा म्हणाला. "काम दिसलं का हात शिवशिवतात त्याचे."

ढीग संपला तेव्हा ऊन कललं होतं. अश्विनने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धा चहा पँटवर गेला. मग दोघांना बोलायला परसात पाठवलं.

"मानूस चांगले आहात तुम्ही," नीतू म्हणाली. "पन मले जमनार नाही."

"काऊन?"

"समजायला लागली तवापासून हा पंखाच पाहून राहिली मी. मले दुकानवाला नवरा पाहिजे होता. तुमचा जीव तर शेतीत."

अश्विन घाईघाईने म्हणाला, "ते मामाने शिकवलं म्हणून बोललो. शेतात पाय ठेवून वर्षं झाली मले."

नीतूने थोडा विचार केला. "म्हणजे पहिल्याच दिवशी खोटं बोलले."

परतताना मोटरसायकल मामाने चालवली, कारण अश्विनला क्लच दाबवत नव्हता.

इकडे दुधराम साफ धान पोत्यांत भरत होते. पोरगा हातचा गेल्याचं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पोतं शिवता शिवता त्यांनी बायकोला विचारलं, "सुशीला, ते आमगावचं स्थळ कवा येनार आहे? लवकर बोलाव. गोठ्यामागचं धान बाकी आहे."