अळणी भाताचा कौल

भात लाल झाला. स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली, पाच दिवसांत. कुंकवासारखा नाही, जखमेवरून काढलेला कापूस दिसतो, तसा.

*

दहिसर नदीच्या कडेला औदुंबर. त्याखाली दोनशे माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर बंद डबा.

*

फ्रिजवर चिकटवलेली डॉक्टरांची चिठ्ठी: मीठ बंद.

*

पानांच्या आत बुरशी राहते. झाडाला तिचा त्रास नसतो. तिला खायला काय मिळतं, यावर ती काय बनवणार ते ठरतं. एका खाद्यावर ती नुसती पांढरी वाढते. दुसऱ्यावर तीच रंग बनवते, औषध बनवते, कधी विष. पवईच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं मी हेच बघते आहे.

*

"आई चोवीस तास ऑनलाइन आहे हो!" मार्तंडबाबा माइकवर ओरडत होता. "नेटवर्क तुमचं वीक आहे!"

*

आता सरळ सांगते.

मार्तंडबाबा दर शनिवारी प्रत्येकाला औदुंबराचं एक पान द्यायचा. घरी रोज शिजतो तोच भात डब्यात भरायचा, वर पान ठेवायचं, झाकण लावायचं, आणि पाच दिवसांनी, गुरुवारी, बाबासमोर उघडायचं. भात लाल झाला तर आईने, म्हणजे औदुंबरातल्या देवीने, दुखणं ओढून घेतलं. पांढरा राहिला तर मन साफ नाही. आणि खरा चमत्कार पुढेच: डबा उघडण्याआधी बाबा नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं, त्याचाच भात लाल.

त्या गुरुवारी त्याने माझ्या मावशीचं, वनमालाचं नाव घेतलं. मावशीच्या दोन्ही किडन्या निकामी. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस.

"मशीन तुझं रक्त पितं, माउली," बाबा म्हणाला. "आता परत गेलीस तर आईवर अविश्वास!"

शुक्रवारी ती गेली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी पोचले.

"चार वर्षं सुया टोचून घेतेय गं," मावशी दंडावरच्या गाठी चोळत म्हणाली. "उघडायच्या आधी नाव घेतलं माझं. कसं कळलं त्यांना? सांग ना, शिकलेली आहेस तर."

मी तिचा डबा उघडून लाल भात निरखला.

"तू बुरश्या वाढवतेस ना? मग कर भात लाल. गुरुवारी, सगळ्यांसमोर. दाखवलंस तर शुक्रवारी गपचूप मशीनवर बसते."

"मधला मंगळवार?"

"मंगळवारी नाही."

तिचा मुलगा नितेश म्हणाला, "अपूर्वा, हो म्हण ना यार. कुणाचं ऐकत नाहीये ती."

मी हो म्हटलं. मला वाटलं, जिंकले.

शनिवारी सकाळी मी भात लाल निघालेल्यांची घरं पालथी घातली. अकरा जण. सगळे किडनीचे नाहीतर ब्लडप्रेशरचे. मग भात पांढरा राहिलेल्या धाकूकाकांकडे गेले. मिलमधून बाहेर पडल्यापासून ते चाळीच्या जिन्यावर बसून असतात.

"बाबा म्हणता, माझा मन साफ नाय."

"काका, भातात मीठ घालता?"

"मीठ नाय तर भात कसलो गो?"

तिथून थेट औदुंबराखाली. नाव नोंदवणाऱ्या चेल्याच्या वहीत तीन रकाने होते: नाव, दुखणं, पथ्य. देवीला पथ्य कशाला हवं?

त्याच दुपारी तीन डबे लावले. पहिल्यात अळणी भात आणि पान. दुसऱ्यात मीठ घातलेला भात आणि पान. तिसऱ्यात अळणी भात आणि उकळलेलं पान. पानं आधी स्पिरिटने पुसली, म्हणजे जे उगवेल ते पानाच्या आतूनच आलेलं असेल.

गुरुवारी मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. चेहरा सुजलेला, वाक्याला दोनदा धाप.

"लाल कुठला निघेल, तो मीही आधीच सांगते," मी म्हटलं. "पहिला."

पहिला लाल. दुसऱ्यावर नुसती पांढरी बुरशी. तिसरा होता तसाच.

"पानातली बुरशी अळणी भातावर रंग सोडते. मीठ असलं की सोडत नाही. उकळली की मरते. आणि कुणाचं मीठ बंद आहे, ते बाबाच्या वहीत लिहिलेलं आहे. आईने कुणालाच निवडलं नाही. डॉक्टरांनी ज्यांचं मीठ तोडलं, त्यांना या माणसाने निवडलं."

बाबाने माइक ओढला. "ऐकलंत? आईला अळणी लागतं! आता तर सायन्सनेच सांगितलं!"

पुढच्या रांगेतल्या एका बाईने मला हळूच विचारलं, "ताई, म्हणजे मीठ अजिबात नाही ना घालायचं?"

काही माणसं डबे तिथेच टाकून निघून गेली. तिसरा हिस्सा असतील. बाकीच्यांनी शनिवारच्या पानासाठी नाव नोंदवलं.

मावशी मात्र तीन डब्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझंच पथ्य," ती म्हणाली. "मी नीट पाळलं म्हणून." मग नितेशकडे वळून, "चल रे. उद्या कशाला, आत्ताच जाऊ."

बोरिवलीच्या डायलिसिस केंद्रात पोचण्याआधी रिक्षातच तिचं हृदय थांबलं. शरीरात साठलेलं पोटॅशियम, डॉक्टर म्हणाले.

औदुंबराखाली अजून रांग लागते. तुमच्या घरातलं कुणी त्या रांगेत असेल, तर प्रश्न जरूर विचारा: नाव आधी कसं कळलं, वहीत काय लिहून घेतलं, ज्यांचा भात पांढरा राहिला त्यांच्यात वेगळं काय होतं. पण त्याआधी माणसाला उपचाराला न्या. भांडून न्या, रडून न्या, खोटं बोलून न्या. पुरावा पाच दिवसांनीही चालतो.

मंगळवारी दुपारी डायलिसिस केंद्रातून मला दोन फोन आले होते: पेशंट आली नाही, खुर्ची अजून राखून ठेवली आहे, आणता का? मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांबा.