ज्वालय्या स्वामींचा त्रिशूळ आणि न पेटणारा टेस्टर

"हलला! पोचय्याचा हात हलला!"

मंडपात एकच गलका उठला. अर्धांगाने लुळा पडलेला पोचय्याचा डावा हात ज्वालय्या स्वामींनी चौथऱ्यावरच्या लोखंडी त्रिशुळाला टेकवला आणि तो सगळ्यांदेखत थडथड उडाला. पोचय्या ढसाढसा रडू लागला. दवाखान्यातला व्यायाम आणि गोळ्या त्याने स्वामींच्या आज्ञेवरून केव्हाच बंद केल्या होत्या.

स्वामी लाकडी पाटावर उभे होते. पाटावरून ते कधी उतरत नसत. म्हणे जमिनीला त्यांचं तेज सोसत नाही.

"कुणाला वाटेल, यात करंट सोडलाय," स्वामी गरजले. "बघा मग!" त्यांनी झोळीतून स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर काढला. त्याच्या मुठीला टोकापर्यंत लाल दोरा गुंडाळलेला. टोक त्रिशुळाला लावलं. "पेटला का दिवा? नाही! म्हणजे वीज नाही. मग काय आहे?"

"शक्ती!" लोक ओरडले.

सिद्दीपेटच्या आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवणारी सुगुणा सासूला शोधत मंडपात शिरली, ती नेमकी पोचय्याचा हात उडाला त्याच वेळी. तिची सासू कोमुरम्मा रांगेत पहिलीच उभी होती. गुडघ्यांसाठी आली होती. डोक्यावरून तीन घागरी ओतून घेतलेल्या, लुगड्यातून पाणी निथळतंय. शुक्रवारी ओलेत्याने स्पर्श केला की दुप्पट फळ, असं स्वामींनी जाहीर केलं होतं.

टेस्टरच्या मुठीवरचा दोरा पाहताच सुगुणाला कळलं, त्रिशुळात वीज असणार. पोचय्याचं अंग कोरडं होतं, म्हणून झटक्यावर निभावलं. ओल्या अंगातून वीज किती जाईल, याचा नेम नाही.

"अत्तम्मा, थांबा! हात लावू नका!"

"गप गं! चार बुकं शिकलीस म्हणून देवालाही शिकवतेस?"

सुगुणाने सासूला सरळ दंडाला धरून मागे ओढलं. मग म्हणाली, "स्वामी, तुमचा तो टेस्टर जरा बोर्डात लावून दाखवा. तिथे तर वीज आहे ना? ट्यूब जळतेय."

"अशा क्षुद्र परीक्षा आम्ही देत नसतो, पोरी."

"त्रिशुळाची दिलीत की आत्ताच!"

लोक हसले. स्वामींचा नाइलाज झाला. पाटावरून उतरणं जिवावर आलेलं, म्हणून टेस्टर शिष्याकडे दिला. शिष्याने तो बोर्डाच्या दोन्ही भोकांत घालून पाहिला. दिवा पेटेना.

"बघा," सुगुणा म्हणाली, "यांच्या टेस्टरच्या हिशेबाने बोर्डातही वीज नाही. मग डोक्यावरची ट्यूब काय स्वामींच्या तेजावर जळतेय? अहो, मुठीच्या टोकाला धातूची टोपी असते. तिला बोट लागलं तरच दिवा पेटतो. यांनी तिच्यावर दोरा गुंडाळलाय! टेस्टर आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून बघायचा. तिथेच पेटला नाही, तर त्याच्या भरवशावर जीव धोक्यात घालायचा नाही."

तिने पर्समधून स्वतःचा टेस्टर काढला. उघड्या तारेला न टेकवताही वाजणारा. बोर्डाजवळ नेला, वाजला. मंडपाच्या लोखंडी खांबाजवळ, गप्प. त्रिशुळाजवळ नेताच पुन्हा किंचाळला.

"माझ्या तेजाने वाजतंय ते यंत्र!" स्वामी ओरडले.

"असं? मेन स्विच पाडा कुणीतरी."

ट्यूब विझली. टेस्टर त्रिशुळापाशी मुका झाला.

"काय स्वामी, तेज मेन स्विचवरून येतं होय?" मागून कुणीतरी विचारलं. आता हसू आवरेना.

मेन बंदच ठेवून तरुणांनी चौथऱ्याची फरशी उचलली. खालून एक वायर त्रिशुळाच्या बुडापर्यंत आलेली. झटक्यापुरतीच वीज जावी म्हणून मध्ये छोटा रेझिस्टर, तोही करपलेला. शेजारी रेझिस्टरच्या अलीकडच्या वायरचं उघडं टोक, त्रिशुळाला लागायला नखभर अंतर बाकी; लागलं असतं तर सगळी वीज थेट अंगातून गेली असती. कोमुरम्माने ते पाहून सुनेचा हात घट्ट धरला. कोरड्या लाकडी पाटामुळेच ज्यांना आजवर झटका बसला नव्हता, ते स्वामी तेवढ्यात पाटावरून उतरून पळाले होते. जमिनीला त्यांचं तेज अगदी छान सोसलं. पुढच्या वळणावर पोरांनी त्यांना धरून पोलिसांच्या हवाली केलं.

"मग माझा हात?" पोचय्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

सुगुणा त्याच्याशेजारी बसली. "मामा, विजेने कुणाचाही स्नायू उडतो. ते बरं होणं नव्हे. उद्या दवाखान्यात चला, मी येते बरोबर. व्यायाम परत सुरू करू."

मग ती लोकांकडे वळली. "चमत्कार दाखवणारा स्वतःच्याच हत्याराने पुरावा देतो. हत्यार तुमचं आणा. आणि तपासू देत नसेल, तर हात जोडू नका, हात मागे घ्या."