चौदा वड्यांतली नववी

मित्रांनो, त्या सकाळी टेबलावर चौदा वड्या होत्या, तीन लिटर शुद्ध अल्कोहोल होतं आणि गुरुवारच्या बोटीला नऊ दिवस उरले होते. वादळामुळे डोंगरातला रस्ता बंद पडला होता, म्हणजे आणखी अल्कोहोल येणार नव्हतं. त्या चौदांतली नववी वडी मी.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या केसोन प्रांतात, एका परातीत झाला. आंबवलेल्या नारळपाण्यावर जिवाणूंनी सेल्युलोजचे धागे विणले आणि सायीसारखी मी जमले. माझ्या बहिणी पाकात गेल्या, लोकांनी चमच्याने खाल्ल्या. मला मायलिन नावाची मुलगी तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन आली. माझ्यात शंभरातला एक भाग धागा होता, बाकी सगळं पाणी.

मायलिनची आई दूरच्या एका बेटावर नर्स होती. बोटीच्या सात तासांत लस नेण्याच्या जुन्या पेटीतला बर्फ वितळायचा. मागच्या महिन्यात लसीच्या चाळीस कुप्या फेकाव्या लागल्या होत्या. आणखी एक खेप वाया गेली, की बेटावर लस पाठवणं बंद होणार होतं. आमच्या बारीक छिद्रांतलं पाणी काढून तिथे उष्णता अडवणारी हवा भरायची आणि पेटीला आतून आमचं अस्तर लावायचं, असं मायलिनने ठरवलं होतं. सहा बाजूंना सहा वड्या.

पहिल्या चौघी तिने तशाच भट्टीत वाळवल्या. पाणी जाताना छिद्रांच्या भिंतींना आत ओढत जातं. त्या पापडासारख्या चपट्या झाल्या. पुढच्या चौघी तिने थेट शुद्ध अल्कोहोलात सोडल्या. त्यांचं बाहेरचं पाणी झटक्यात निघालं, साल आवळली, आतलं पाणी आतच अडकलं. त्या सुरकुतून गेल्या. आता आम्ही सहाच उरलो होतो आणि सव्वा लिटर अल्कोहोल. पुढची मी. बशीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तेवढ्यात मायलिनचा मामा, तियो डोरो, भाताचा डबा घेऊन आला. नारळाच्या ताडीची दारू, लांबानोग, गाळणं हा त्याचा धंदा.

"काय गं, तोंड असं का? कुणी गेलं का?"

"आणखी चार वड्या गेल्या, तियो. अल्कोहोलात घातल्या आणि आखडल्या."

"घातल्या म्हणजे? एकदम?"

"एकदम."

"अगं बये! आमच्या बैठकीत नवा पाहुणा आला तर त्याच्या तोंडाला आख्खी बाटली लावतात का? एकच पेला फिरतो. ओतणारा आधी घोटभर देतो, तोंड बघतो, मग पुढचं. तू कसली ओतणारी!"

"तियो, हे विज्ञान आहे."

"मग विज्ञानाला सांग, जरा दमानं घे."

मायलिन हसली आणि हसता हसता थांबली. "तुमच्या लांबानोगमध्ये अल्कोहोल किती असतं?"

"निम्म्याला थोडं कमी. का, पिणार आहेस?"

"मी नाही. ह्या पिणार आहेत."

पहिल्या दिवशी आम्हाला पाणी घातलेली लांबानोग मिळाली, दुसऱ्या दिवशी नुसती. मग तीत शुद्ध अल्कोहोल वाढत गेलं आणि शेवटी फक्त तेच. प्रत्येक फेरीत थोडं पाणी बाहेर, थोडं अल्कोहोल आत. भिंतींना कळलंही नाही. नंतर दाबाच्या भांड्यात कार्बन डायऑक्साइडने अल्कोहोलची जागा घेतली. तिथे तो धड द्रव नसतो, धड वायू नसतो. भिंतींना ओढायला पृष्ठभागच उरत नाही. मी बाहेर आले तेव्हा जवळजवळ तेवढीच जाड होते, पण मायलिनने श्वास रोखून मला उचललं, फुंकरीने उडेन म्हणून.

मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे. पेटीचे कोपरे झिजलेत. बेटावर विजेचा फ्रिज आल्यापासून पेटीवर कुणी मासळीची टोपलीही ठेवतं. माझी एकच विनंती आहे. पाणी लागू नये म्हणून माझ्यावर चढवलेलं प्लास्टिक फाटलं तर लगेच चिकटवा. मला पाणी लागलं, तर वाळताना ते पुन्हा भिंती ओढून नेईल, आणि कोसळलेली छिद्रं मला परत उभी करता येत नाहीत.

त्या पहिल्या गुरुवारी समुद्र खवळला होता. बोट सातऐवजी नऊ तासांनी लागली. धक्क्यापाशी मायलिनची आई गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होती. "इतक्यात उघडू नकोस," पेटी घेऊन उतरलेल्या मुलीला ती म्हणाली, "मला देवाचं नाव घेऊ दे." मग तिनेच झाकण उचललं आणि तापमापक डोळ्यांजवळ धरला. लस आठ अंशांच्या आत हवी होती.

सहा पूर्णांक चार अंश.