गालिच्याखालची शिवण

उर्पो कल्लुंकीच्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याला थोडंसंच. राहे शहरातल्या पोलादाच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा. त्यामुळे कुठल्याही कचेरीत जायचं असलं की तो मला बरोबर घेतो. मी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, आता घरीच असते. समोरचा माणूस काय बोलला ते मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून मोठ्याने सांगते. त्या दिवशीही गाडीच्या तपासणीला मी एवढ्यासाठीच गेले होते.

गाडी त्याच्या मुलाने आणलेली. यार्को ब्रेमेनला असतो. तिकडच्या जुन्या गाड्या बोटीवर चढवून हेलसिंकीला उतरवायच्या आणि इकडे उत्तरेत आणून विकायच्या, असा त्याचा उद्योग होता. पोरगा हसतमुख. गावात आला की सगळ्यांच्या दारात थांबणार, म्हाताऱ्यांचा सरपणाचा ढीग रचून देणार. उर्पोची बायको हेल्वी पक्षाघाताने खुर्चीला खिळली, तेव्हापासून तो म्हणायचा, आईसाठी मोठी गाडी आणतो, मागचं दार असं उघडेल की खुर्चीसकट आत. त्यांची जुनी गाडी लहान होती आणि रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात त्या मिठाने खाऊन तिची चाळण झाली होती. गावातली बस बंद पडली होती. हेल्वी दवाखान्याशिवाय कुठे जात नव्हती, आणि दवाखान्यात कुणी हौसेने जात नाही.

डिसेंबरात यार्को खरंच गाडी घेऊन आला. निळी, लांबलचक, जुनी असली तरी चकचकीत. हेल्वीने खुर्ची अंगणात न्यायला लावली आणि हातमोजा काढून गाडीच्या दारावरून हात फिरवला. बोलताना तिची जीभ अजून जड होती. ती म्हणाली, "माझ्या मुलाने आणलीय," आणि मी जणू बहिरी आहे अशा थाटात पुन्हा एकदा म्हणाली.

यार्को नाताळ करून परत गेला. परदेशातून आलेली गाडी आपल्याकडे नोंदवायची तर आधी तपासणीतून पार पडावी लागते, आणि आपले तपासणीवाले कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या खेपेला गाडी नापास झाली. ब्रेकचे पाइप गंजलेले, पुढचा एक दिवा आंधळा, दाराखालचा पत्रा एका जागी कुजलेला. उर्पोला त्याचं काही वाटलं नाही. उलट हाताला काम मिळालं म्हणून तो खूश होता. सबंध जानेवारी तो गॅरेजात होता. पाइप बदलले, दिवा बदलला, कुजका पत्रा कापून नवा बसवला. मी कॉफी घेऊन जायची तेव्हा तो गाडीखालून नुसते पाय दाखवायचा. हेल्वी खिडकीत बसून गॅरेजकडे बघायची. कुठल्या उशा घ्यायच्या, मांडीवर कुठली चादर, हे तिचं ठरलेलं होतं.

यार्कोचा अधूनमधून फोन यायचा. तो बापाला सगळं नीट समजावून सांगायचा. एक गोष्ट मात्र त्याने दोनतीनदा बजावली. आतला गालिचा उचलू नका, खाली नाजूक वायरी आहेत, एक तुटली तर सगळी गाडी उघडावी लागेल. उर्पोने गालिच्याला हात लावला नाही. वायरींमधलं आपल्याला कळत नाही म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तपासायला कात्री निस्काला होती. चाळिशीची बाई, कमी बोलणारी, केस टोपीखाली घट्ट बांधलेले. ती असली की लोक दुसरा दिवस मागून घेतात. उर्पोने मागितला नाही. त्याला आपल्या कामाची खात्री होती. ब्रेक तिने तपासले, चांगले निघाले. दिवे चांगले निघाले. नव्या पत्र्यावरून तिने अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुणी केलं. मी उर्पोच्या कानात ओरडले. तो म्हणाला, मी. तिने मान हलवली. तेवढ्यानेच त्याचा चेहरा फुलला.

मग तिने गाडी वर उचलून घेतली आणि विजेरी घेऊन खाली उभी राहिली. बराच वेळ ती एकाच जागी बघत होती. गाडीच्या पोटाला काळा जाड लेप फासला होता, गंज धरू नये म्हणून फासतात तसा, पण मधल्या पट्ट्यात तो ताजा होता. तिने एक पातळ पट्टी घेऊन तो खरवडायला सुरुवात केली. काळे पापुद्रे तिच्या बाहीवर पडत होते. ती या बाजूपासून त्या बाजूपर्यंत खरवडत गेली. मग गाडी खाली घेतली, दारांमधल्या खांबांना रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. आणि म्हणाली, आतला गालिचा उचलावा लागेल, मालकाची हरकत नाही ना?

मी उर्पोला सांगितलं. तो म्हणाला, खाली वायरी आहेत, नाजूक आहेत, माझ्या मुलाने सांगितलंय.

"मग तुम्हीच उचला," ती म्हणाली. "सावकाश."

उर्पो गुडघ्यांवर बसला. गालिचा चिकटवलेला होता. त्याने खिशातला चाकू काढला आणि कडेने हळूहळू सोडवत नेला, मासा साफ करताना कातडी सोडवतात तसा. खाली वायर नव्हती. एकही नव्हती. पुढच्या सीटांच्या मागून, या दारापासून त्या दारापर्यंत, वेल्डिंगची एक आडवी शिवण होती. कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये बोटभर जागा नुसतीच रंगवलेली. शिवणीच्या अलीकडचा पत्रा मुळात निळा होता आणि पलीकडचा पांढरा.

कात्री निस्काला शांतपणे बोलत होती आणि मी तिचं प्रत्येक वाक्य उर्पोच्या कानात पोचवत होते. या दोन गाड्या आहेत. एकीचं मागचं अंग अपघातात गेलं असणार, दुसरीचं पुढचं. उरलेले अर्धे एकत्र जोडलेत. कागदांवरचा नंबर फक्त पुढच्या अर्ध्याचा आहे. जोराचा धक्का बसला तर ती इथे उघडेल. मला "उघडेल" हा शब्द दोनदा ओरडावा लागला. शेजारच्या गाडीखालच्या खड्ड्यातला मेकॅनिक काम थांबवून आमच्याकडे बघायला लागला.

ही गाडी आता रस्त्यावर जाणार नाही, ती म्हणाली, आणि मला पोलिसांना कळवावं लागेल.

उर्पो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, जरा बाहेर जाऊन येतो.

बाहेर बर्फ बाजूला लोटून त्याचा मोठा ढीग केला होता. त्याच्या आडोशाला उभं राहून उर्पोने फोन लावला. तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो, नाहीतर त्याला ऐकू येत नाही. मी बाजूला व्हायला लागले, तर त्याने माझी बाही धरली.

"गाडी दोन तुकड्यांची आहे म्हणतायत," तो म्हणाला.

पलीकडे वर्कशॉपचा आवाज येत होता. मग यार्को म्हणाला, "कोण, राहेवाले का? ते अडवतातच हो बाबा. त्यांच्या नादी लागू नका. ट्रकवर घाला आणि तोर्निओला न्या. तिथे माझ्या ओळखीचा माणूस आहे, दुपारपर्यंत पास करून देईल."

"तुला माहीत होतं?"

"तिकडे सर्रास जोडतात अशा. नीट जोडलीय. मी स्वतः उभा होतो."

"तू स्वतः उभा होतास."

"चालतेय ना ती? मग झालं तर."

"तुझी आई मागे बसणार होती रे."

"सांभाळून न्याल की तुम्ही. तुम्हाला काय शर्यत लावायचीय?"

उर्पो फोन हातात आडवा धरून त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ठेवेल. पण तो म्हणाला, "आणि मिर्वाची?"

मिर्वा ही त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी. तिला दोन लहान मुलं. मागच्या उन्हाळ्यात यार्कोने तिलाही गाडी दिली होती, घरच्यांना म्हणून स्वस्तात. मुलांना पोहायला शिकवायला ती त्याच गाडीतून औलूला जाते, हमरस्त्याने, लाकडं वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून.

"तिची पास झालीय ना," यार्को म्हणाला. "मग कशाला उकरायचं?"

उर्पोने फोन बंद केला. माझ्याकडे न बघता विचारलं, "तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं," तो म्हणाला.

तिथूनच त्याने मिर्वाला फोन केला. गाडी काढू नकोस, मुलांना घेऊन तर मुळीच नको, एवढंच सांगितलं. ती वैतागली. कामावर कशी जाऊ, काय झालंय ते तरी सांगा काका, असं विचारत राहिली. तो म्हणाला, संध्याकाळी येऊन सांगतो.

आम्ही आत गेलो तेव्हा कात्री निस्कालाने त्याच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती आणि कॉफीही आणून ठेवली होती. ती टेबलाच्या पलीकडे न बसता त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. कुठल्या कानाने ऐकू येतं ते तिच्या लक्षात आलं होतं. गाडी कुणाकडून घेतली, तिने विचारलं. मग लगेच म्हणाली, "इथे सांगितलंच पाहिजे असं नाही. पोलीस विचारतील तेव्हा सांगा. घरी जा, विचार करा."

"घरी गेलो तर सांगणार नाही," उर्पो म्हणाला.

आणि त्याने मुलाचं नाव सांगितलं. ब्रेमेनच्या वर्कशॉपचा पत्ता सांगितला. मग मिर्वाचं नाव, तिच्या गाडीचा रंग, आणि गावातल्या अजून ज्यांनी यार्कोकडून गाड्या घेतल्या होत्या त्यांची आठवतील तेवढी नावं. कॉफीला त्याने हात लावला नाही.

आम्ही टॅक्सीने घरी आलो. हेल्वी खिडकीत होती. आम्ही गाडीशिवाय आलो हे तिने बघितलंच होतं. उर्पोने टोपी हातात घेऊन तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या जड जिभेने, शब्द शोधत शोधत, ती म्हणाली, "गाडी परत पाठवायची. नुसती परत पाठवायची होती."

"मिर्वाची मुलं आहेत, हेल्वी."

"मिर्वाला सांगायचं. गुपचूप. नाव का घेतलंस?"

उर्पोकडे त्याचं उत्तर होतं. बाकीच्या गाड्यांचं काय, पुढच्यांचं काय, हे सगळं तो बोलू शकला असता.  हेल्वीने मला सांगितलं, मला झोपव. दुपारची वेळ होती. उर्पो नेहमीप्रमाणे तिला उचलायला पुढे झाला, तर तिने चांगला हात वर करून त्याला थांबवलं. मी एकटीने तिला कशीबशी पलंगावर घेतलं.

मिर्वाची गाडी दुसऱ्या दिवशी उचलून पाहिली. तिच्यातही तशीच शिवण होती, आणि ती मुलांच्या सीटांखाली एका बाजूने उसवायला लागली होती. एवढं होऊनही मिर्वाचा नवरा उर्पोच्या दारात येऊन त्याच्यावरच ओरडून गेला. गाडी गेली, बायकोची नोकरी जायची वेळ आली, आणि तुमच्या घरातल्या घाणीत आम्हाला का ओढलंत, असं म्हणाला. गावात निम्मे लोक म्हणायचे, चांगलं केलं. निम्मे म्हणायचे, बापाने पोराला पोलिसात दिलं. दुकानात उर्पो आला की दोन्हीकडचे लोक एकसारखेच गप्प व्हायचे.

खटला पुढच्या हिवाळ्यात उभा राहिला. उर्पो साक्षीला गेला, मी कान म्हणून गेले. मुलाने गालिचा उचलू नका असं सांगितलं होतं का, असं वकिलाने विचारलं. उर्पो हो म्हणाला. यार्को तेव्हा आपल्या हातांकडे बघत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही. त्याला शिक्षा झाली, पण तुरुंगात जावं लागलं नाही. भरपाई भरायची आणि पुन्हा असं काही केलं तर आत, असं ठरलं. तो ब्रेमेनला निघून गेला. जाताना आईला भेटून गेला, तेही उर्पो लाकडं आणायला गेला असताना.

वसंतात मिर्वा आली होती, वेलदोड्याचा गोड पाव भाजून घेऊन. दारात उभी राहून उर्पोच्या गळ्यात पडली आणि रडली. हेल्वीने आतून मला सांगितलं, तिला म्हणावं मी झोपलेय. ती झोपली नव्हती. मिर्वाला ते कळलं असणार, कारण ती पाव पायरीवर ठेवून गेली.

उर्पो सगळं करतो. सकाळी हेल्वीला उठवतो, केस विंचरतो, मासा काटे काढून देतो. ती खाते. पाणी हवं, खिडकी लाव, एवढंच बोलते. बाहेर जायचं नाव दोघंही काढत नाहीत.

यार्कोचा फोन रविवारी येतो, आईला. बापाला तो विचारत नाही. फोन वाजला की उर्पो बूट चढवून अंगणात जातो आणि फोन संपेपर्यंत तिथे उभा राहतो. पाऊस असला तरी, बर्फ असलं तरी. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी बाहेर थंडी अशी होती की श्वास घेतला तर नाक आतून चिकटायचं. मी हेल्वीजवळ बसले होते. तिच्या कानाला फोन होता आणि पलीकडे यार्को बोलत होता. तिने फोन थोडा बाजूला केला, खिडकीकडे बघितलं आणि मला म्हणाली, "त्याला म्हण, आत ये."

मी जाऊन उर्पोला आत आणलं. हेल्वी फोनवर बोलत राहिली, त्याच्याकडे बघितलं नाही. तो स्वयंपाकघरात बसला, टोपी काढली, आणि बटाटे सोलायला घेतले.