इंजिनाचा आहेर

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोटार शर्यतीसाठी लागणाऱ्या फिटनेसच्या कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता सांगितलं, "प्रभुलिंग, या वर्षी देतोय. पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. काचबिंदू आहे. समोरचं अजून दिसेल, पण बाजूचं जे गेलं ते गेलं. औषधानं फक्त पुढचं जाणं लांबतं."

प्रभुलिंगनं कागद खिशात ठेवला. साठीला टेकलेला माणूस, उभा जन्म गॅरेजमध्ये गेलेला. तरुणपणी तो एका कंत्राटदाराच्या शर्यतीच्या गाड्या तयार करायचा आणि त्यांच्याबरोबर कोईमतूरच्या ट्रॅकवर जायचा. गाडी ह्यानं बांधायची, चाचणीला ह्यानंच पळवायची, आणि शर्यतीच्या दिवशी मालकाच्या पोरानं हेल्मेट घालून आत बसायचं. मांडव ह्यानं घालायचा, अक्षता दुसऱ्याच्या डोक्यावर. तेव्हा राग यायचा नाही. वाटायचं, आपलाही दिवस येईल. दिवस काय, येतात तसे जातात, सांगून जात नाहीत. आता डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं. एकच शर्यत. हौशी लोकांची, खालच्या वर्गातली का असेना, पण स्टिअरिंगवर स्वतः बसायची.

गाडी त्याच्याकडे आधीपासून होती. मागून ट्रकनं ठोकलेली छोटी हॅचबॅक, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरानं फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या गाडीच्या बरोबरीनं ओढतं. पण त्या वेगात लोखंडाला लोखंड लागून चालत नाही. मधे तेलाचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्यावर तो पंखा तरंगतो. तेल थांबलं की पंखा संपला.

प्रभुलिंगनं मागचा पत्रा सरळ केला, आतल्या सीटा, कार्पेट, छताचं कापड सगळं काढून टाकलं आणि उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत लोखंडी पाइपचा पिंजरा जोडला. मदतीला अद्वैत होता. हा शेजारच्या मालतीबाईंचा मुलगा, तंत्रनिकेतनात शिकवायचा. गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी कधी, हे बदलायची विद्या त्याच्याकडे होती.

"मामा, तेलाच्या दाबाचा काटा बसवू या," तो एकदा म्हणाला. "कंपनीचा नुसता लाल दिवा आहे. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो."

"दिवा हाय की. उगं वजन कशाला वाढवतोस?"

"काट्याचं वजन ते किती? तुमच्या पोटाचं आधी कमी करा."

"पोट काय आज बसवलंय व्हय?" प्रभुलिंग म्हणाला, आणि काटा राहून गेला.

इंजिन पूर्ण उघडलं होतं. ज्या दिवशी ते परत जोडायचं ठरलं, त्या दिवशी सकाळी गुरम्मा ताट घेऊन गॅरेजमध्ये आली. ताटात नारळ, विभूती आणि कोरा गुलाबी टॉवेल. नवऱ्याला ती 'री' म्हणायची, कानडी घरातल्या बायका म्हणतात तसं.

"री, जरा थांबा. ह्याला टॉवेल घातल्याबिगर जोडू नका."

"इंजिनाला टॉवेल?"

"मग? जावई आला तर देतो, पुढारी आला तर देतो. ह्यो तर तुमचा जलमभराचा पाव्हणा."

"मामी, टॉवेल आहे, टोपी कुठाय?" अद्वैतनं विचारलं.

"टोपी ह्यांनी मला घातलीया की, लगीन झाल्यापासनं."

सोलापुरात सत्कार म्हटला की टॉवेल आलाच. गुरम्मानं इंजिनाला विभूतीची तीन बोटं ओढली, टॉवेल वर पांघरला आणि जाता जाता म्हणाली, "आणि त्या काळ्या चिंध्यांनी पुसू नका हं ह्याला. नवं कापड लावा."

प्रभुलिंगकडे पुसायला जुन्या धोतरांचे तुकडे असायचे, धुऊन धुऊन मऊ झालेले. त्याच्या वस्तादानं तसं शिकवलं होतं आणि त्यानं कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं ते तुकडे बाजूला सारले. कोरा टॉवेल फाडून त्यानं सिलिंडर पुसले, क्रँकचा दांडा पुसला, खालची तेलाची कढई पुसली, तेलाच्या भोकांत बोळे घालून फिरवले. लेकराला न्हाऊ घातल्यावर पुसावं, तसं पुसलं. कापड जाडजूड, ओल पिणारं. त्याला फार बरं वाटलं. कुणाला तरी मान देतोय असं वाटलं, आणि तो मान थोडा आपल्यालाही मिळतोय असं.

मग ते पहाटे दुधनीच्या रस्त्याला जायचे. अद्वैत मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसायचा, थोडी थोडी हवा वाढवायचा. गाडी दर खेपेला जास्त ओढायची. एकदा डावीकडच्या शेतातून एक मोटरसायकल रस्त्यावर आली. प्रभुलिंगला ती दिसलीच नाही. अद्वैत ओरडला तेव्हा ब्रेक लागला.

"ट्रॅकवर बाजूनं कोण येत न्हाय," प्रभुलिंग म्हणाला.

"येतात की मामा. ओव्हरटेक करायला."

"मंग त्यांना पुढं जाऊ द्यू. मला पळायचंय, जितायचं न्हाय."

टेम्पोवर गाडी चढवून ते कोईमतूरला पोचले. तपासणी झाली, पिंजरा पास झाला, सीटचे पट्टे पास झाले, डॉक्टरांचा कागद पास झाला. शनिवारी सराव होता. प्रभुलिंगनं हेल्मेट घातलं. पहिली फेरी सांभाळून गेली, दुसरी बरी, तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर त्यानं पाय पूर्ण दाबला. कानाशी टर्बोची शिट्टी, पाठीत सीट रुतलेली. ह्याच पट्ट्यावर त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या ढकलल्या होत्या. हसू आलं त्याला, हेल्मेटच्या आत, कुणाला न दिसणारं.

लांबलचक उजव्या वळणात शिट्टीची किंचाळी झाली. लाल दिवा लागला. त्यानं पाय काढला, पण आरशात निळा धूर भरला होता आणि इंजिनात कुणी हातोडीनं ठोकल्यासारखं वाजत होतं. इंजिन बंद करून त्यानं गाडी गवतात घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ओढायला गाडी आली, तोवर तसाच.

दुपारी त्यांनी खालची कढई सोडवली. पंपाला तेल जिथून चढतं, तिथं एक जाळी असते. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर नमद्यासारखा थर बसला होता, तेलानं काळपट झालेला, पण बोटानं चोळला की गुलाबी.

"हे काय आहे मामा?"

प्रभुलिंगला विचारायची गरज नव्हती. कोरा टॉवेल पहिल्या धुण्याला किती लव सोडतो, हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. बादलीभर पाण्यावर तरंगते ती. त्यानं तीच लव स्वतःच्या हातानं भोकाभोकांत भरली होती. दुधनीच्या रस्त्यावर थोडी थोडी गोळा होत आली आणि इथं जाळीचं तोंड बंद झालं.

"हे घरी सांगायचं न्हाय," तो म्हणाला.

अद्वैत शेजारच्या गाडीवाल्यांकडे फिरून आला. एकाकडे जुना टर्बो होता, तो द्यायलाही तयार होता. पण प्रभुलिंगनं क्रँकची बेअरिंगं काढून जमिनीवर ओळीनं मांडली होती. तेलावाचून सगळी खरवडलेली. टर्बो लावून उपयोग नव्हता. मेलेल्याला नवा चष्मा.

संध्याकाळी गुरम्माचा फोन आला.

"तुमाला लागलं न्हाय ना कुटं?"

"न्हाय."

"मंग झालं काय?"

"जुनं इंजिन गं. दगा दिला."

तिनं विचारलं, "पूजेत आमचं काय चुकलं का?"

"न्हाय," तो म्हणाला. "तुझं काय न्हाय चुकलं."

रविवारी शर्यत झाली. ती न बघता निघू, असं अद्वैत म्हणत होता, पण प्रभुलिंग जाळीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. गाड्या कुठून येतात ते त्याला कळत नव्हतं. आवाज यायचा, नाकासमोर एक रंग यायचा आणि मान फिरवेपर्यंत तो गेलेला असायचा. काही फेऱ्या त्यानं मान फिरवून बघितली, मग फिरवायची सोडली.

उन्हं कलल्यावर गाडी टेम्पोवर चढवायला दोन-चार अनोळखी पोरं आली. "अगली बार, अंकल," एक जण म्हणाला. अद्वैतनं त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. प्रभुलिंग नुसता "हां" म्हणाला आणि डाव्या बाजूनं गाडीला खांदा लावला. सुटं केलेलं इंजिन पोत्यात भरलेलं, गाडी हलकी. एका दमात वर गेली. खाली उतरताना टेम्पोला लावलेल्या फळीची कड त्याला दिसली नाही. पाय हवेत पडला, गुडघा टेकला.

अद्वैतनं येऊन त्याच्या दंडाला धरलं. प्रभुलिंग उठला. एरवी त्यानं हात झटकला असता. आता तो धरू देऊन, अद्वैत नेईल तिकडे टेम्पोच्या दारापर्यंत चालत गेला.