मावशी येईपर्यंत डबा बंद

गुरुदत्त हा माणूस तसा शास्त्रशुद्ध. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, आता सातासमुद्रापार पेनरोजच्या फ्रीज बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, टाकानिनीला नवं घर. मांजर आडवं गेलं तर त्या मांजराला कुठे जायचं असेल, एवढाच विचार करणारा. बायको नीताने सोमवार धरला की तिला कॅलरीचं गणित समजावून सांगणारा. असा हा गृहस्थ ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून सगळ्यांना बजावत होता, की आज मावशी येईपर्यंत डबा उघडायचा नाही.

मावशी म्हणजे कोणाच्या आईची बहीण नव्हे. मावशी ही रेसची गाडी होती. नारिंगी रंगाची, बसकी, अंगाने रुंद, आणि बरोबरच्या गाड्यांपेक्षा वयाने बरीच मोठी. तिचा मालक रॉस याचं गॅरेज गुरुदत्तच्या कारखान्यासमोरच होतं. चार वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत गुरुदत्त तिथे डोकावला, रॉसने त्याच्या डब्यातली चकली चाखली, आणि दोघांची गट्टी जमली. पुढे गुरुदत्तने आपला मित्र सुशील याला तिथे नेलं. सुशील नाशिकहून शिकायला आला आणि शिकून झाल्यावर कुरिअरच्या गोदामात चिकटला. एकटा जीव असल्यामुळे रविवारी जेवायला गुरुदत्तकडेच असे. गाडी पाहून तो म्हणाला, ही तर लग्नात पदर खोचून सगळीकडे धावणारी मावशी. तेव्हापासून तेच नाव पडलं.

वर्षातून एकदा पुकेकोहेच्या ट्रॅकवर सहा तासांची रेस असे. तिथे वेगापेक्षा टिकण्याला मोल. दोन ड्रायव्हरांनी आलटून पालटून चालवायचं, मधे पेट्रोल भरायचं, टायर बदलायचे, आणि सहा तासांनी चौकटीचा झेंडा पडला की स्वतःच्या चाकांवर रेषा ओलांडायची. पहिला नंबर वगैरे रॉसच्या स्वप्नातही नव्हता. रेषा ओलांडली तरी पुष्कळ. पण तेवढंही मावशीला कधी जमलं नव्हतं. पहिल्या वर्षी गिअरबॉक्स गेला, दुसऱ्या वर्षी चाक निखळलं, तिसऱ्या वर्षी धूर. आणि हे तिन्ही अपघात गुरुदत्तने जेवणाचा डबा उघडला त्या क्षणी झाले, हे सुशीलच्या ध्यानात आलं.

“गिअरबॉक्सला काय कळतंय, टेकाडावर कोण वडे खातंय ते?” नीता म्हणाली.

“तसं नाही गं. पण तीनदा झालंय. उगाच रिस्क कशाला?”

“मग माझ्या सोमवारचं काय?”

“तो वेगळा विषय आहे,” शास्त्रज्ञ म्हणाले.

खरं सांगायचं तर आजची गोष्ट वेगळी होती. रॉसचे गुडघे कुरकुर करायला लागले होते. आजच्या रेसनंतर मावशी साउथ आयलंडमधल्या कोणा शौकिनाच्या शेडमध्ये कापडाखाली कायमची झाकून ठेवली जाणार होती. आज नाही तर कधीच नाही. मावशी रेषा ओलांडते आहे हे एकदा, फक्त एकदा, आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी सहा तास उपाशी राहणं त्याला फार वाटत नव्हतं. इतरांना फार वाटेल की काय, हे घरी विचारायचं त्याला सुचलं नाही.

त्यात सासरे आलेले. विश्वनाथराव, चिंचवडचे निवृत्त भूगोलाचे मास्तर. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा बाणा, आणि या बाण्याने आजवर बरेच जण घायाळ झाले होते. नीताला बघायला गुरुदत्तची माणसं गेली, तेव्हा कोणीतरी पोह्यांची तारीफ केली. मास्तर शांतपणे म्हणाले, “पोहे हिने केलेले नाहीत. शेजारणीने केलेत. हिला येत नाहीत.” तरीही लग्न जमलं, यात मास्तरांचं कर्तृत्व शून्य होतं. जावयाने मुलीला उचलून पृथ्वीच्या पार तळाशी नेलं, तेही फ्रीज बनवायला, याचं त्यांना कौतुक नव्हतं. गेली दहा वर्षं ते त्याला ‘जावईबापू’ म्हणत, आणि त्यात बापूपेक्षा लांबचं अंतरच जास्त ऐकू येई.

सासूबाई, म्हणजे शकुताई, गार वाऱ्याला भिऊन घरीच थांबल्या. निघताना त्यांनी दारातून सांगितलं, “गुरुदत्त, यांनी साखरेची गोळी घेतलीय हो. वेळेवर खायला घाला.”

“हो हो,” गुरुदत्त म्हणाला. तो तेव्हा आकाशातले ढग मोजत होता.

पुकेकोहेचा ट्रॅक घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाभोवती फिरतो. समोर पिट, म्हणजे गाड्यांना पेट्रोल-टायर द्यायची जागा, अलीकडे गवताचं टेकाड, आणि आजूबाजूला कांद्याबटाट्याची लालसर शेतं. टेकाडावर खुर्च्या मांडल्या गेल्या. मास्तरांनी कानटोपी घातली, पायांवर घोंगडी घेतली आणि विचारलं, “घोडे कधी येतात?” घोडे आज नाहीत म्हटल्यावर त्यांचा उत्साह निम्मा झाला.

जेवण चिली बिनमध्ये होतं. इथे थंडाव्याच्या पेटीला तसं म्हणतात, आणि तिच्यात गरम वडे ठेवायची पद्धत आपली. पुकेकोहेच्याच बटाट्यांचे वडे, धपाटे, लसणाची चटणी, दही. ही पेटी सांभाळणार कोण? सुशीलवर भरवसा टाकणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. गुरुदत्तने पेटी मास्तरांच्या खुर्चीजवळ घोंगडीच्या आड सरकवली आणि सगळा नियम त्यांना समजावून सांगितला.

“बाबा, तुम्हाला चालेल ना? सहा तास आहेत.”

“माझी चिंता करू नका. मी माझं बघतो.”

“आणि वडे?”

“प्रत्येक वड्याकडे मी जातीने लक्ष देईन,” मास्तर म्हणाले.

गुरुदत्तला अगदी निर्धास्त वाटलं. त्याची नऊ वर्षांची लेक इरा आजोबांच्या शेजारी गवतावर बसली आणि तिने घोंगडीचं एक टोक आपल्याही अंगावर ओढून घेतलं.

झेंडा हलला, गाड्या सुटल्या. मावशी सगळ्यांच्या मागून तिसरी. पहिला तास छान गेला. दुसऱ्या तासात मास्तर म्हणाले, “जावईबापू, खाली तो आकड्यांचा फळा आहे ना, तो जरा वाचून या. मावशी कितवी आहे ते कळू दे.” सासऱ्यांना रेसमध्ये गोडी वाटू लागली, याचं गुरुदत्तला कोण कौतुक. तो आणि सुशील धावत उतार उतरले. नीतालाही मास्तरांनी पिटाळलं. तिची नजर चांगली म्हणे. तिघं परत आले तेव्हा आजोबा आणि नात मैदानाकडे बघत हाताची घडी घालून बसले होते.

“एकोणिसावी,” गुरुदत्त धापा टाकत म्हणाला.

“छान. अजून एका तासाने पुन्हा बघून या.”

असं दर तासाला चाललं. रॉसने गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आपल्या पुतण्याच्या हातात दिली, पुतण्याने परत रॉसच्या हातात दिली. टायर बदलले. एक सर येऊन गेली. मोठमोठ्या महागड्या गाड्या एकेक करून गवतात जाऊन बसल्या, आणि मावशी आपली पदर खोचून फिरतच राहिली. एकोणिसाची सोळावी झाली, सोळाची तेरावी झाली. चौथ्या तासात तिच्या पुढच्या पत्र्याचा एक कोपरा सुटला. रॉसच्या माणसांनी तो चिकटपट्टीने बांधला आणि पाठीवर थाप मारून तिला परत पाठवलं.

टेकाडावरची स्थिती मात्र बिकट होती. शेजारच्या कुटुंबाने सॉसेज भाजायला घेतले, तेव्हा सुशील तोंड फिरवून शेताकडे बघत बसला. गुरुदत्तला तर सारखा बटाटेवड्याचा वास येत होता.

“मला वास येतोय,” तो नीताला हळूच म्हणाला.

“उपासाने भास होतात. मला दर सोमवारी होतात. तू कॅलरीचं गणित कर, बरं वाटेल.”

पण नीताही काही खात नव्हती. सकाळी हसली खरी, पण शेवटचा तास सुरू झाला तेव्हा तिच्या हातातली कॉफी गार होऊन गेली होती आणि मावशी समोरून गेली की तिचे ओठ हलत होते. “इरा, भूक लागली का गं?” तिने विचारलं. “थांबशील ना अजून थोडं?”

“आय’म गुड, मम्मा. हीप्स गुड,” इरा म्हणाली. इथल्या पोरांच्या भाषेत, अगदी मजेत.

पोरीचा संयम बघून गुरुदत्तचा ऊर भरून आला. “बाबा, डबा ठीक आहे ना?” त्याने विचारलं.

“डबा जागेवर आहे,” मास्तर म्हणाले.

शेवटची दहा मिनिटं राहिली. मावशी अकरावी होती, आणि एका बाजूने खरखर असा चमत्कारिक आवाज काढत होती. सुशील गुडघ्यांवर बसला होता. गुरुदत्त टेकाडाच्या कडेला, जिथून रेषा समोर दिसते तिथे, हात घट्ट आवळून उभा होता. तेवढ्यात मागून नीताचा आवाज आला. आवाज बदललेला होता.

“गुरू. बाबा बघ.”

मास्तरांची मान छातीवर पडली होती. कानटोपी घसरून एका डोळ्यावर आली होती. नीताने दोनदा हाक मारली, ते हलले नाहीत. आणि गुरुदत्तला दारातल्या शकुताई आठवल्या. साखरेची गोळी. वेळेवर खायला घाला. सहा तास या म्हाताऱ्या माणसाला आपण उपाशी बसवलं, तेही एका चुकार गाडीसाठी, आणि त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

“अरे, दोन राउंड राहिलेत फक्त,” सुशील केविलवाण्या आवाजात म्हणाला.

“खड्ड्यात गेले राउंड,” गुरुदत्त म्हणाला आणि वळला.

त्याने ट्रॅककडे पाठ केली, गुडघे टेकले, घोंगडी बाजूला केली, पेटी ओढली. झाकणावर हात ठेवल्यावर मात्र तो एक क्षण थांबला. “मावशे, माफ कर,” असं पुटपुटला आणि झाकण उघडलं.

आत धपाट्यांचं फडकं कोरडं होतं. दह्याचं भांडं लख्ख होतं. तीस वड्यांपैकी तळाशी एक वडा बसला होता, तोही कोपरा खाल्लेला.

गुरुदत्त डोकं पेटीत घालून त्या वड्याकडे बघत राहिला. मागे लोकांचा गलका उठला, सुशील किंचाळला, शेजारच्या सॉसेजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने मास्तर दचकून जागे झाले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, “डोळा लागला वाटतं. जेवण अंमळ जड झालं.”

“बाबा,” नीता म्हणाली, “तुम्ही खाल्लंत?”

“बारा वाजल्यापासून. गोळी घेतल्यावर उपाशी राहायचं नाही, असं तुझ्या आईने सांगितलंय. इरालाही दिलं. लेकरू किती वेळ थांबणार? जावईबापूंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मग त्यांची नजर गुडघ्यांवर बसलेल्या जावयाकडे गेली, उघड्या झाकणाकडे गेली, तिथून खाली ट्रॅककडे गेली. भूगोलाच्या मास्तरांना दिशा कळायला वेळ लागत नाही. माणसाची पाठ कुठे आणि रेषा कुठे, हे त्यांनी बघितलं. “आली का गाडी?”

“आली,” सुशील डोळे पुसत म्हणाला. “आत्ताच. अकरावी आली.”

“आणि हे इथे होते?”

मास्तर टोपी काढून हातात घेऊन बसले. सहा तासांत पहिल्यांदाच त्यांना काही खाल्लं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं असावं.

रेस संपल्यावर लोकांना पिटमध्ये जायला मुभा असते. सगळे खाली गेले. मावशी चिकटपट्टी लोंबकळत, तेल गाळत उभी होती. अंगावर घाण, चिखल, मेलेले किडे, आणि तरी अशी थाटात, की लग्न पार पाडून आत्ताच पाटावर टेकली आहे. गुरुदत्तने तिच्या नारिंगी पाठीवर हात ठेवला. पत्रा चांगलाच गरम होता. आनंद झालाच त्याला, पुष्कळ झाला. पण रेषा ओलांडताना मात्र त्याने तिला पाहिलं नव्हतं.

रॉस लंगडत आला. चेहरा काळा, दात तेवढे पांढरे. “किआ ओरा, फॅमिली,” असा इथला रामराम घालून त्याने गुरुदत्तला कवेत घेतलं. “चार वर्षं, मेट. शेवटच्या वळणावर मी तुझ्यासाठी हात बाहेर काढला होता. बघितलंस ना?”

गुरुदत्त वाकून मावशीची लोंबणारी चिकटपट्टी नीट करू लागला. सुशील आपल्या जँडल्सकडे, म्हणजे पायातल्या स्लिपरांकडे, बघायला लागला. नीताने वडिलांकडे पाहिलं आणि ती घाबरली, कारण मास्तर घसा खाकरून पुढे सरकले होते. ते पोह्यांच्या वेळी अस्सेच पुढे सरकले होते.

“माय सन-इन-लॉ,” मास्तर शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “सॉ एव्हरीथिंग. द हँड ऑल्सो. ही डिड नॉट ब्लिंक.”

“स्वीट ॲज,” म्हणजे एकदम झकास, रॉस म्हणाला आणि मास्तरांनाही त्याने मिठी मारली. कानटोपीला काजळी लागली.

रॉस दुसरीकडे वळल्यावर नीता वडिलांच्या जवळ सरकली. “बाबा, तुम्ही खोटं बोललात.”

“बोललो.”

“मग माझ्या पोह्यांच्या वेळी काय झालं होतं?”

मास्तरांनी खिशातून कागदात गुंडाळलेला तो शेवटचा वडा काढला, उष्ट्या बाजूचा तुकडा मोडून आपल्याकडे ठेवला, उरलेला गुरुदत्तच्या हातावर ठेवला, आणि म्हणाले, “तेव्हा हा माझा कोणी नव्हता.”